चार शायांचे रंगगणित

रंगीत छपाईच्या यंत्रात शाया चारच असतात: सियान, मॅजेंटा, पिवळी आणि काळी. ऑफसेट यंत्रात यांपैकी प्रत्येक शाई कागदावरच्या एखाद्या सूक्ष्म जागी एक तर पडते, नाही तर पडत नाही. तिथे फिकट शाई पडावी, अर्धी पडावी, अशी सोय यंत्रात नसते. त्यामुळे त्या जागेपुढे शक्यता उरतात सोळाच: कोरा कागद, एकेकटी शाई, दोन शायांची थर-जोडी, तिघींचे थर आणि चौघींचे थर. त्यातही काळी जिथे पडते तिथे इतर शायांनी फारसा फरक पडत नाही, म्हणून डोळ्याला जाणवण्याजोगे वेगळे रंग नऊच. रविवारच्या पुरवणीतले आमराईचे छायाचित्र, दिवाळी अंकाचे मुखपृष्ठ, औषधाच्या खोक्यावरची निळी पट्टी हे सारे साधारण या नऊ रंगांतच छापलेले असते. बाकीचे लाखो रंग कागदावर नसतात. ते पाहणाऱ्याच्या डोळ्यात तयार होतात.

रंगीत छपाईत दोन वेगवेगळ्या क्रिया एकाच वेळी चालतात. जिथे शाईवर शाई चढते तिथे प्रकाशाची वजाबाकी होते, आणि जिथे ठिपक्याशेजारी ठिपका पडतो तिथे प्रकाशाची बेरीज होते. शालेय पुस्तकांत छपाईला सरसकट वजाबाकीची पद्धत म्हटलेले असते. ते निम्मेच खरे आहे, आणि उरलेल्या निम्म्याशिवाय छापील चित्र समजत नाही.

आधी वजाबाकी. डोळ्याला दिसणारा प्रकाश साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. डोळ्यातल्या तीन प्रकारच्या शंकुपेशी तो तीन ढोबळ पट्ट्यांत वाचतात. त्या पट्ट्यांना निळा, हिरवा आणि लाल म्हणता येईल. पांढऱ्या कागदावर तिन्ही पट्ट्यांचा प्रकाश पडतो आणि जवळजवळ सगळा परत येतो. ऑफसेट छपाईत कागदावर बसणारा शाईचा थर सुमारे एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, जाडीचा असतो आणि काळी सोडून बाकीच्या शाया पारदर्शक असतात. प्रकाश शाईतून आत जातो, कागदावर आपटतो आणि त्याच शाईतून पुन्हा बाहेर येतो. चित्र उजळते ते कागदामुळे. शाई त्या उजेडाला लावलेली चाळणी आहे, आणि तीतून प्रकाश दोनदा गाळला जातो. यंत्रात पांढरी शाई नसते याचे कारण हेच. छापील चित्रातला पांढरा रंग म्हणजे उघडा राहिलेला कागद.

प्रत्येक रंगीत शाईकडे एकेका पट्टीचे काम सोपवलेले आहे. पिवळी शाई निळा प्रकाश गिळते आणि हिरवा व लाल जाऊ देते. मॅजेंटा हिरवा गिळते, सियान लाल गिळते. पिवळ्यावर मॅजेंटा चढली की निळा आणि हिरवा दोन्ही जातात, लाल उरतो. पिवळ्यावर सियान चढली तर हिरवा उरतो; सियान आणि मॅजेंटा एकत्र आल्या तर निळा. लाल, हिरवा आणि निळा हे छपाईत मूळ रंग नव्हेत, दोन-दोन शायांच्या थरांचे ते फळ आहे.

चित्रकलेच्या तासाला लाल, पिवळा आणि निळा हे मूळ रंग असल्याचे शिकवले जाते, आणि तरीही छापखाने लाल व निळा ठेवत नाहीत. याला कारण आहे. लाल शाई एकटीच दोन पट्ट्या गिळते. तिच्यातून गुलाबी-जांभळा तेजस्वी रंग मिळवायचा तर जो निळा प्रकाश हवा तो आधीच गेलेला असतो, आणि गेलेला प्रकाश कोणतीही शाई परत आणू शकत नाही. म्हणून छपाईची शाई शक्य तितके कमी गिळणारी, एकेकच पट्टी काढणारी असावी लागते.

प्रत्यक्षातल्या शाया या कसोटीला पूर्णपणे उतरत नाहीत. पिवळी सर्वांत चोख. मॅजेंटा हिरव्याबरोबर बराचसा निळाही गिळते, म्हणून ती असायला हवी त्यापेक्षा लालसर दिसते. सियान तर लालसोबत हिरवा आणि थोडा निळाही खाते. सियानमध्ये असते तांब्याचे थॅलोसायनिन. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमथच्या कारखान्यात दुसऱ्याच एका रसायनाच्या भांड्यात याच कुळातले लोखंडाचे संयुग अपघाताने सापडले आणि १९३५ मध्ये तांब्याचे थॅलोसायनिन रंगद्रव्य म्हणून बाजारात आले. उन्हाला आणि रसायनांना ते इतके टिकाऊ ठरले की जगभरच्या चाररंगी छपाईत आज हाच निळा आहे. त्याचा किंचित मळकटपणा छपाईने पत्करला आहे आणि बाकीचे गणित त्याला सांभाळून मांडले आहे.

या मळकटपणाचा सर्वांत स्पष्ट परिणाम राखाडी रंगात दिसतो. तिन्ही शाया सारख्या प्रमाणात छापल्या तर राखाडीऐवजी तपकिरी छटा येते, कारण सियान आपल्या वाटचा लाल पुरेसा काढत नाही आणि मॅजेंटा-पिवळी मात्र आपले काम वाजवीपेक्षा जास्त करतात. ५० टक्के सियान असेल तर मॅजेंटा व पिवळी सुमारे ४० टक्क्यांवर ठेवल्या की डोळ्याला तटस्थ राखाडी मिळतो. छापखान्यात यंत्र चालू असताना कागदाच्या कडेला छापलेल्या राखाडी चौकोनांवर लक्ष ठेवले जाते ते याचसाठी. हिरवा थोडा बदलला तर कोणी हटकणार नाही, पण राखाडीत गुलाबी झाक आली की ती कोणालाही दिसते.

चौथी, काळी शाई याच ठिकाणी उपयोगी पडते. तिघींच्या थरांतून दाट काळा येत नाही, करडा-तपकिरी येतो. शिवाय बारीक मजकूर तीन शायांत छापला तर प्रत्येक अक्षर तीनदा अचूक एकावर एक बसले पाहिजे. केसभर सरकले तरी वेलांट्या-मात्रांच्या कडांना रंगीत झालर दिसते. देवनागरीच्या बारीक टाइपाला हे विशेष घातक. आणि तिन्ही शाया भरभरून ओतल्या की कागद ओलावतो, वाळायला वेळ लागतो, एका पानाची शाई दुसऱ्या पानाच्या पाठीला लागते. म्हणून चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज किती व्हावी याला मर्यादा घालतात: वृत्तपत्री कागदावर सुमारे २४० टक्के, गुळगुळीत आर्ट पेपरवर ३०० च्या वर. तिन्ही शायांतला जो समान भाग नुसता राखाडी निर्माण करतो तो काढून त्याजागी काळी घातली, की रंग तोच राहतो, शाई वाचते आणि राखाडीही स्थिर राहतो. काळी शाई स्वस्त असते. तिचा मुख्य घटक काजळी आहे, आणि काजळीची शाई पोथ्यांच्या काळापासून सर्वांच्या ओळखीची आहे.

तीन रंगांतून सारे रंग काढण्याचा प्रयोग छायाचित्रणापेक्षा शंभराहून अधिक वर्षे जुना. फ्रँकफुर्टला १६६७ मध्ये जन्मलेल्या याकोब क्रिस्टोफ ल ब्लाँ याने न्यूटनच्या प्रकाशविषयक कामाचा आधार घेऊन निळी, पिवळी आणि लाल अशा तीन तांब्याच्या पत्र्यांवरून चित्रे छापली. १७१९ मध्ये त्याला इंग्लंडात पेटंट मिळाले आणि १७२५ च्या सुमारास त्याने आपली पद्धत ‘कोलोरित्तो’ या छोट्या पुस्तकात मांडली. पुढे त्याने चौथा काळा पत्राही वापरला. त्याचे तत्त्व बरोबर होते. मात्र कोणत्या पत्र्यावर कुठे किती रंग हवा हे ठरवण्याचे साधन त्याच्याकडे एकच होते, त्याची नजर. मूळ चित्राकडे पाहून तो मनातल्या मनात रंगाचे तीन भाग करी आणि त्याप्रमाणे प्रत्येक पत्रा हाताने खरवडी. हे कौशल्य दुसऱ्याला देता येत नव्हते, आणि त्याचा व्यवसाय बुडाला.

त्यानंतर बराच काळ रंगीत छपाईने उलट वाट धरली: रंग जितके, तितके दगड. राजा रविवर्मा यांच्या नावाचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली निघणारी लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे याच पद्धतीची होती. कारागीर चित्राचा प्रत्येक रंग वेगळ्या शिळेवर उतरवी आणि एकाच कागदावर त्या शिळा एकामागून एक छापल्या जात. चेहऱ्यावरच्या गुलाबी झाकेला एक दगड, साडीच्या लालाला दुसरा, दागिन्यांच्या सोनेरीला तिसरा. ही चित्रे महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचली. त्यांतल्या शाया दाट आणि स्थिर आहेत, आणि आजच्या चाररंगी छपाईत तसा सोनेरी येत नाही, हेही मान्य करायला हवे. पण तो रंग माणसाने निवडलेला होता. निसर्गात दिसणाऱ्या रंगाचे मोजमाप त्यात नव्हते.

मोजमाप आले ते कॅमेऱ्याने. १८६१ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी एकाच रंगीत फितीची लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीतून तीन छायाचित्रे घेववली आणि ती त्याच रंगांच्या प्रकाशात पडद्यावर एकत्र पाडून रंगीत चित्र दाखवले. फ्रान्समध्ये लुई द्यूको द्यू ओरॉन यांनी १८६८ च्या पेटंटात हेच छपाईसाठी फिरवले: लाल काचेतून घेतलेल्या निगेटिव्हवरून सियान छापायची, हिरव्या काचेतल्या निगेटिव्हवरून मॅजेंटा, निळ्या-जांभळ्या काचेतल्या निगेटिव्हवरून पिवळी. ल ब्लाँ नजरेने करी ते रंगांचे विभाजन आता रंगीत काच आणि छायाचित्राची काचपट्टी करू लागली. अडचण एकच होती. त्या काळच्या काचपट्ट्यांना लाल प्रकाश जवळजवळ दिसतच नसे. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल यांनी रंगद्रव्ये मिसळून त्या पट्ट्यांची संवेदनक्षमता वाढवण्याची युक्ती शोधली, तेव्हा हा मार्ग खुला झाला.

तरीही एक प्रश्न बाकी होता, आणि तोच छपाईचा खरा प्रश्न. छायाचित्रात छटा सलग असते, तर यंत्राला ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच कळते. त्यावरचे उत्तर म्हणजे हाफटोन: फिकट छटेसाठी शाई पातळ करायची नाही, ठिपका लहान करायचा. काचेवर बारीक आडव्या-उभ्या रेघांची जाळी कोरून तिच्यातून चित्राचे छायाचित्र घेतले की उजेडाच्या जागी लहान आणि अंधाराच्या जागी मोठे ठिपके आपोआप पडतात. म्यूनिकच्या गेओर्ग माइसेनबाख यांचे पेटंट १८८२ चे. फिलाडेल्फियात मॅक्स लेव्ही यांनी १८९० च्या सुमारास कोरलेल्या काचेच्या जाळ्या जगभर गेल्या. अशी जाळी भारतात आली तेव्हा कलकत्त्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांनी तिचे गणित मुळापासून मांडले. जाळी आणि काचपट्टी यांतले अंतर किती असावे, भिंगाच्या छिद्राचा आकार ठिपक्याच्या आकारावर कसा परिणाम करतो, यांवर १८९७ पासून त्यांचे लेख लंडनच्या ‘पेनरोज’ वार्षिकात छापून येऊ लागले. आज त्यांची ओळख बालसाहित्यिक आणि सत्यजित राय यांचे आजोबा अशी सांगितली जाते. हाफटोनच्या शास्त्रातली त्यांची कामगिरी तितकीच मोठी आहे आणि ती अधिक वेळा सांगितली गेली पाहिजे.

ठिपक्यांबरोबर बेरीज येते. वृत्तपत्रात इंचाला साधारण ८५ ते १०० ओळी ठिपके असतात, चांगल्या मासिकात १५० ते १७५. दीडशे ओळी म्हणजे दोन ठिपक्यांत ०.१७ मिलिमीटर अंतर. हातभरावरून वाचताना डोळा इतके बारीक तपशील सहज सुटे करू शकत नाही. त्याला मिळते ती सगळ्या ठिपक्यांच्या प्रकाशाची सरासरी. ही सरासरी प्रकाशाची असल्याने ती बेरजेच्या नियमाने चालते. केशरी रंग घ्या: पिवळी १०० टक्के, मॅजेंटा ५० टक्के. भिंगाखाली कुठेही केशरी दिसत नाही. निम्मी जागा पिवळी आणि निम्मी लाल असते, आणि केशरी होतो तो या दोहोंतून येणाऱ्या प्रकाशाच्या बेरजेने.

गव्हाळ चेहऱ्याचे उदाहरण याहून बोलके आहे. समजा गालाच्या एका भागात सियान २० टक्के, मॅजेंटा ४० आणि पिवळी ५० टक्के छापली. ठिपके एकमेकांवर योगायोगाने पडतात असे धरले तर टक्क्यांचा गुणाकार करून प्रत्येक रंगाची जागा काढता येते. कोरा कागद २४ टक्के, नुसती पिवळी २४, नुसती मॅजेंटा १६, त्या दोघींचा लाल १६, नुसती सियान ६, हिरवा ६, निळा ४ आणि तिन्ही शायांचा काळपट ४; बेरीज शंभर. म्हणजे छायाचित्रातल्या माणसाच्या गालावर सहा टक्के जागा हिरवी आणि चार टक्के निळी असते, आणि तरीही तो गाल जिवंत वाटतो. जागा मोजण्याचा हा नियम देमिशेल यांनी १९२४ मध्ये मांडला, आणि त्यावर हान्स नॉयगेबाउअर यांनी १९३७ मध्ये रंगाचे समीकरण उभारले: अंतिम रंग म्हणजे या मूळ रंगांची जागेच्या प्रमाणातली सरासरी. पुढची बहुतेक रंगगणिते या समीकरणाच्या दुरुस्त्या आहेत.

‘योगायोगाने पडतात’ ही अट मात्र आपोआप पूर्ण होत नाही, ती घडवून आणावी लागते. चारही जाळ्या एकाच दिशेने ठेवल्या तर मॅजेंटाचा ठिपका एक तर नेमका पिवळ्यावर बसेल, नाही तर नेमका त्याच्या शेजारी. यंत्रावर कागद अर्ध्या ठिपक्याएवढा सरकला की लाल जागा नाहीशी होऊन तिथे सुटी पिवळी आणि सुटी मॅजेंटा येईल आणि पानागणिक रंग बदलेल. म्हणून जाळ्या तिरप्या फिरवतात: काळी ४५ अंशांत, मॅजेंटा ७५, सियान १५ आणि पिवळी शून्य अंशात. वळवलेल्या जाळ्यांत ठिपके कुठे एकमेकांवर येतात, कुठे शेजारी राहतात, आणि एकूण सरासरी कागद सरकला तरी टिकते. रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, थोडे हलले तर कडा धूसर होतात, पण आकाश हिरवे होत नाही. दोन जाळ्यांत ३० अंशांचे अंतर असले की त्यांच्यात उमटणारी लहरींची नक्षीही इतकी बारीक होते की डोळ्याला खुपत नाही. भिंगाखाली तिचीच फुले दिसतात. नव्वद अंशांत ३० अंशांच्या अंतराने तीनच जाळ्या मावतात. चौथीला १५ अंशांच्या अंतरावर समाधान मानावे लागते, आणि ती जागा सर्वांत फिकट असलेल्या पिवळीला देतात.

या गणितात कागदही ढवळाढवळ करतो. दाबाखाली शाई पसरते, वृत्तपत्री कागद तिला शोषतो आणि प्लेटवरचा ५० टक्क्यांचा ठिपका पानावर सत्तरीच्या पुढे जातो. छापखान्यात याला डॉट गेन म्हणतात. त्यातला एक भाग शाई अजिबात न पसरताही होतो. ठिपक्याशेजारी उघड्या कागदावर पडलेला प्रकाश तंतूंमध्ये शिरून इकडेतिकडे विखुरतो आणि त्यातला काही ठिपक्याखालून बाहेर येऊ पाहतो, तेव्हा शाई त्याला गिळते. ठिपका भिंगाखाली मोजला तर पन्नासच टक्के भरतो, पण छटा त्याहून गडद दिसते. यूल आणि नील्सन यांनी १९५१ मध्ये हाफटोनच्या गणिताला दिलेली दुरुस्ती याच विखुरलेल्या प्रकाशाची आहे. प्लेट तयार करतानाच ठिपके हिशेबाने लहान ठेवून हा फरक भरून काढतात.

घरातल्या आणि कार्यालयातल्या प्रिंटरमध्ये तत्त्व तेच, ठिपका वेगळा. लेझर प्रिंटरमध्ये शाईची जागा टोनरची भुकटी घेते. विद्युतभारित ड्रमवर लेझरने चित्र उमटवायचे, भारानुसार भुकटी चिकटवायची आणि उष्णतेने ती कागदावर वितळवायची. चार रंगांसाठी हे चार वेळा. ठिपक्याचा आकार बदलायचा तर अनेक सूक्ष्म बिंदूंचा एक चौकोन धरून त्यातले किती भरायचे हे ठरवतात. इंचाला २४०० बिंदू असतील आणि १६ गुणिले १६ बिंदूंचा चौकोन घेतला, तर इंचाला १५० ओळी पडतात आणि प्रत्येक ठिपक्याला २५६ पायऱ्या मिळतात. पायऱ्या वाढवाव्या तर ओळी कमी होतात, ओळी वाढवाव्या तर पायऱ्या कमी. ही ओढाताण चुकत नाही.

इंकजेटने ही ओढाताण वेगळ्या रीतीने सोडवली. त्यात थेंबाचा आकार बहुधा ठरलेला असतो, सर्वांत लहान थेंब एखाद-दोन पिकोलिटरचा. बदलते ती थेंबांची संख्या. शाई बाहेर फेकण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत विजेने वाकणारा स्फटिक शाईला ढकलतो, दुसरीत सूक्ष्म तापकावर शाईचा बुडबुडा क्षणात फुगून थेंब उडवतो. थेंब कुठे टाकायचा हे ठरवण्यासाठी फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये दिलेली युक्ती फार सुंदर आहे. एखाद्या बिंदूला ३० टक्के शाई हवी असेल आणि यंत्र ‘नाही’ म्हणत असेल, तर राहिलेली ३० टक्के बाकी पुढच्या आणि खालच्या ओळीतल्या शेजाऱ्यांना ७, ३, ५ आणि १ अशा सोळांशांत वाटून द्यायची. कोणत्याही बिंदूची चूक वाया जात नाही, शेजारी ती भरून काढतात आणि सरासरी बरोबर राहते. असे ठिपके जाळीत न बसता पसरलेले दिसतात, म्हणून कोनांचा प्रश्नही उरत नाही. छायाचित्रांच्या प्रिंटरमध्ये फिकट सियान आणि फिकट मॅजेंटा या जादा शाया असतात, कारण गोऱ्या कपाळावर किंवा निरभ्र आकाशात विरळ पडलेले गडद ठिपके वाळूसारखे दिसू लागतात.

एवढे करूनही काही रंग हाती लागत नाहीत. मोबाइलच्या पडद्यावरचा झगझगीत हिरवा किंवा गर्द निळा छापून घेतला की मलूल होतो. पडद्यावर तो प्रकाशाच्या अरुंद पट्टीतून आलेला असतो, तर कागदावर दोन अपुऱ्या शायांमधून वाचलेला असतो. केशरी आणि हिरव्या अशा आणखी दोन शाया घातल्या तर व्याप्ती वाढते. १९९० च्या दशकापासून अशा सहारंगी पद्धती वापरात आहेत. लग्नपत्रिकेवरचा सोनेरी किंवा बँकेच्या बोधचिन्हाचा नेमका निळा हवा असेल तर मात्र रविवर्मा छापखान्याच्याच वाटेने जावे लागते: त्या रंगाची वेगळी शाई, वेगळी प्लेट.

पडद्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या अंकांवरून चार शायांचे अंक काढणे साध्या वजाबाकीने होत नाही. शाया मळकट आहेत, कागद प्रकाश विखुरतो, आणि तीन अंकांवरून चार काढायचे असल्याने एकाच रंगाला अनेक उत्तरे असतात. म्हणून त्या विशिष्ट यंत्रावर, त्याच शाईत आणि त्याच कागदावर शेकडो चौकोनांचा तक्ता छापतात, प्रत्येक चौकोन वर्णपटमापकाने मोजतात आणि त्यावरून कोष्टक बनवतात. कागद बदलला की कोष्टक बदलते. मापन ज्या प्रकाशाला धरून केले तोही ठरलेला असावा लागतो, छपाईच्या जगात तो ५००० केल्विनचा आहे. मूळ कापड आणि त्याचे छापील चित्र या दिव्याखाली तंतोतंत जुळले तरी दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये वेगळे दिसू शकतात. दोघांचे वर्णपट एक नसतात. त्या एका प्रकाशात डोळ्याच्या तीन पट्ट्यांना ते एक वाटले, एवढेच त्यांच्यातले साम्य असते.